बेकार असल्याची खात्री

गाळा बंद होणार ही बातमी आम्हाला मालकानं सांगितली नाही. चहावाल्यानं सांगितली. मालकानं त्याला पुढच्या महिन्यापासून चहा बंद म्हणून कळवलं होतं.

अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर आमचं औषधांच्या पॅकिंगचं काम चालायचं. मशीनमधून गोळ्यांच्या पट्ट्या यायच्या. त्या डोळ्यांनी तपासायच्या, माहितीच्या कागदाची घडी घालायची आणि दोन्ही मिळून पुठ्ठ्याच्या खोक्यात सरकवायचं. मी आणि माझी मैत्रीण टेबलाला समोरासमोर बसायचो. टोपी, मास्क आणि हातमोजे घातल्यावर माणसाचे डोळेच तेवढे उरतात. इतकी वर्षं मी तिचे डोळे बघत काम केलं. ती हसतेय की चिडलीय, घरी काही झालंय की नुसती झोप कमी पडलीय, हे सगळं मला त्या दोन डोळ्यांवरून कळायचं.

ती कोळीवाड्यातली. तिची आजी मासळी बाजारात बसायची, मग त्याच जागेवर आई बसायला लागली. हिनं मात्र दहावी झाल्या झाल्या सांगून टाकलं होतं की मी पाटीवर बसणार नाही. गाळ्यात तिला पांढरा कोट मिळायचा आणि साबणाचा वास असलेले हात घेऊन ती घरी जायची, याचं तिला फार कौतुक होतं. "माझे हात हुंग," असं ती कधीकधी मला म्हणायची. "कोळणीचे वाटतात?"

चहावाल्याचं बोलणं खरं निघालं. त्याच आठवड्यात गाळ्याच्या मॅनेजर साहेबांनी आम्हाला एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. काम दुसऱ्या राज्यात हलवणार होते. आमच्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला. वैयक्तिक कारणामुळे मी स्वखुशीनं राजीनामा देत आहे, असं त्यात होतं. खाली सहीपुरती जागा. सही केली की हिशेब लगेच मिळणार होता.

मी मैत्रिणीच्या मागे दाराबाहेर उभी होते, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू आलं.

"वैयक्तिक कारण कुठलं?" तिनं विचारलं.

"ती नुसती लिहायची पद्धत असते."

"पद्धत तुमची. पण कारण माझं लिवलंय ना? मग मला म्हाईत पायजे."

साहेब म्हणाले, "बाई, उगाच वेळ घालवू नका. बाकीच्या करतायत सह्या."

"करू देत. माझ्या घरी सगळे ठीक आहेत. मला कायपण वैयक्तिक झालेलं नाय."

माझ्यात तेवढी धमक नव्हती. घरी दाखवून आणते एवढंच म्हणून मी कागद पर्समध्ये टाकला.

आमचं घर जोगेश्वरीला, लेण्यांच्या वरच्या अंगाला. एक खोली आणि पोटमाळा. माझा नवरा एका गोदामात कंत्राटावर आहे. घरात माझे सासरे होते, मी त्यांना बाबा म्हणायचे. मालवणकडून पोरगेले असताना मुंबईत आले ते गिरणीत लागले, आणि गिरणी बंद पडली तेव्हा ते आता मी आहे त्याच वयाचे होते. त्यानंतर त्यांनी रखवालदारी केली, दूध टाकलं, एका डॉक्टरकडे नंबर लावायला बसले. पण ओळख सांगताना ते गिरणी कामगार असंच सांगायचे. गिरणीनं थकवलेल्या देण्यांसाठी, मग गिरणी कामगारांच्या घराच्या सोडतीसाठी ते थांबले ते थांबलेच.

कागद मी त्यांच्यासमोर वाचला. नवरा म्हणाला, "पगार तरी पदरात पडेल. घे करून."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "सही करू नको, चेडवा. सही केलंस तर तू सोडलंस. नाय केलंस तर त्येंका तुका काढूक लागतला."

"त्यानं काय फरक पडतो बाबा? काम तर जाणारच."

"पडता. आमच्यातल्या कितकेजणांनी सह्या केल्यानी, ते मोजणीतसून गेले. आमी मोजणीत रवलव."

मोजणीत राहून त्यांना काय मिळालं, हे मी विचारलं नाही. नवऱ्यानंही नाही.

मी सही केली नाही. मैत्रिणीनंही नाही. बाकी सगळ्यांनी केली. त्यांनी निरोपाला एकमेकींच्या गळ्यात पडून रडून घेतलं, आम्ही दोघी मात्र बाजूला पडल्यासारख्या झालो. जणू आम्ही काहीतरी आगाऊपणा केला होता. सोमवारी आम्ही गेलो तर वॉचमननं दार उघडलं नाही. "तुम्हाला घेऊ नको म्हणून सांगितलंय," तो म्हणाला आणि आमच्याकडे न बघता मोबाइल बघत बसला.

बेकारीचा भत्ता मिळतो हे मैत्रिणीनंच शोधून काढलं. पगारातून कामगार विम्याची कपात व्हायची, त्यामुळे आम्ही विम्याच्या दवाखान्यात जायचो. तिथल्या भिंतीवर एक पिवळं पडलेलं पत्रक होतं. आम्ही दोघी ते वाचायला मुद्दाम गेलो आणि तिथून विम्याच्या कार्यालयात.

खिडकीतली बाई आमच्याच वयाची होती. तिनं नीट सांगितलं. विमा उतरवून किमान दोन वर्षं झालेली हवीत. तेवढ्या काळात कपात नियमानं भरलेली हवी. नोकरी आपणहून सोडलेली नको, गैरवर्तणुकीसाठी काढलेलं नको. नोकरी सुटल्यावर महिनाभर थांबायचं, मग अर्ज. सरासरी पगाराच्या अर्धा भत्ता, जास्तीत जास्त तीन महिने, आणि तोही आयुष्यात एकदाच.

"एकदाच?" मैत्रीण म्हणाली. "परत नोकरी गेली तर?"

"मग नाही."

"म्हणजे बेकार व्हायचं ते बघून सवरून."

बाई हसली. मग तिनं आमचे विमा क्रमांक कॉम्प्युटरवर टाकले आणि तिचं हसू गेलं. "तुमची तर नोकरी चालू दिसतेय," ती म्हणाली. "मालकानं तुम्ही सोडल्याची नोंदच केलेली नाही. ती झाल्याशिवाय तुम्ही बेकार धरल्या जात नाही."

महिनाभर थांबायचं होतं, पण तो महिना सुरूच होत नव्हता.

त्या दिवसांत घरात बसून मला माझ्याच घराची सवय नव्हती हे कळलं. दुपारी आमच्या गल्लीत ऊन कुठून येतं, शेजारची म्हातारी किती वेळ खोकते, नळाला पाणी जायच्या आधी कसा आवाज येतो, हे मला काहीच माहीत नव्हतं. मी डबे घासले. पोटमाळा आवरला. मग परत डबे घासले. बाबा माझ्याकडे बघत बसायचे. कधीकधी मला वाटायचं, इतक्या वर्षांनी त्यांना सोबत मिळाल्यासारखं झालं होतं. थांबणारं घरात आणखी कुणीतरी आलं होतं.

अशात एका सही केलेल्या बाईचा फोन आला. गोरेगावला खोट्या दागिन्यांच्या पॅकिंगचं काम होतं. रोजचे पैसे रोज हातात. "एक जागा आहे, उद्याच ये," ती म्हणाली. "विमाबिमा काही नाही, पण काम बरं आहे."

मी विम्याच्या खिडकीतल्या बाईला फोन करून विचारलं. उत्तर सरळ होतं. काम धरलं तर तुम्ही बेकार नाही. आणि बेकार नाही तर भत्ता नाही.

रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी काय सांगू? हातातलं सोडायचं नसतं. पण इतकी वर्षं कापून घेतलं ते पण आपलंच आहे ना?"

"तूच सांग ना काहीतरी एक."

"तू ठरव गं. उद्या माझ्यावर नको यायला."

बाबांना मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "रव. इतके दिवस रवलंस, आता कित्याक धावतंस?"

मी त्या बाईला नाही म्हणून कळवलं. चार दिवसांनी मन बदलून परत फोन केला तर जागा भरली होती. कुणीतरी शेजारच्या चाळीतलीच मुलगी गेली होती.

मैत्रिणीला ठरवायला वेळच मिळाला नाही. तिची आई बाजारात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आईची जागा रिकामी राहिली की बाजूची बाई आपला पाट थोडा सरकवते, मग आणखी थोडा, आणि पंधरवड्यात जागा उरतच नाही, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. भाऊ होता, पण त्याला बाजारात बसायची लाज होती. ज्या जागेवर बसणार नाही म्हणून तिनं दहावीनंतर घर डोक्यावर घेतलं होतं, त्या जागेवर ती एका सकाळी जाऊन बसली. मला तिनं ते फोनवर सांगितलं. आवाजात काहीच नव्हतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"आय उठेपर्यंत."

आई उठणार नव्हती हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

पुढे एकदाची आमची नोंद झाली. खिडकीतल्या बाईनं फोन केला, पण तिचा स्वर पडलेला होता. मालकानं कारण लिहिलं होतं, स्वतःहून सोडली. दोघींचंही.

त्याच दुपारी आम्ही गाळ्यावर गेलो. मैत्रीण बाजारातून तशीच आली होती, कंबरेला ओला पदर खोचलेला. वॉचमन मध्ये आला, तिनं त्याला हातानं बाजूला केलं. आत मशीनं निम्मी गेली होती. जिथे मशीनं होती तिथली फरशी वेगळ्या रंगाची दिसत होती. आमचं टेबल उलटं करून भिंतीला लावलं होतं. साहेब केबिनमध्ये एकटेच फायली बांधत होते.

ती केबिनच्या दारात फरशीवर बसली, मांडी घालून. "कारण बदला," ती म्हणाली. "बदलेपर्यंत मी उठत नाय."

"बाई, हा तमाशा करू नका."

"मी सोडली नाय. तुम्ही काढलं. तेवढं लिवा. मला पैसे देऊ नका, मला कामाला ठेवू नका. खरं तेवढं लिवा."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मासळीचा वास केबिनभर झाला होता. मी तिच्या मागे उभी होते. मला तिच्या शेजारी बसावंसं वाटत होतं, पण मी उभीच राहिले. ती बसून राहिली. साहेबांनी कुणालातरी फोन केला, मग आणखी कुणाला. बाहेर अंधारून यायला लागलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर उघडला. कारण बदललं. नोकरी सुटल्याची तारीख मात्र त्यांनी खऱ्या तारखेपेक्षा कितीतरी पुढची टाकली, म्हणजे महिन्याचं थांबणं आता जवळजवळ नव्यानं सुरू होणार होतं. त्यावर भांडायचं त्राण तिच्यातही नव्हतं.

जिना उतरताना ती म्हणाली, "त्यानं रुमाल लावला बघितलंस?"

"जाऊ दे गं."

"नाय, बरोबर आहे त्याचं. येतो वास."

तो महिना कसा गेला ते मला आठवत नाही. आठवतं ते हे की बाबांचं खाणं कमी झालं. ते दुपारी झोपेतून दचकून उठायचे आणि विचारायचे, "भत्तो इलो काय?" मी म्हणायचे, अजून अर्जच केला नाही बाबा. ते मान हलवायचे आणि तासाभरानं परत तेच विचारायचे.

अर्ज द्यायला आम्ही दोघी एकत्रच गेलो. तीच बाई खिडकीत होती. तिनं आम्हाला ओळखलं, बसायला सांगितलं, कागद पाहिले. सगळं नियमात बसत होतं. मग तिनं पुढची ओळ वाचावी तसं विचारलं, "सध्या काही काम करता का?"

आधी मैत्रिणीला विचारलं होतं. ती म्हणाली, "हो. आयच्या जागेवर बसते. मासळी विकते."

बाईनं पेन खाली ठेवलं. इकडेतिकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "हे मी ऐकलं नाही. परत विचारते. सध्या काही काम करता का?"

मी खिडकीच्या फळीखाली मैत्रिणीचा हात दाबला.

"कितीदा पण विचारा," ती म्हणाली. "भर बाजारात बसते मी. उद्या तुम्हीच बोंबील घ्यायला आलात तर काय पाटीमागे लपू?"

"अहो, नियम आहे म्हणून सांगते. बेकार आहे असं तुम्हाला लिहून द्यावं लागतं."

"मग मी नाय बेकार. सकाळी चारला उठते."

"पण ते तुमचं काम नव्हे ना? आईच्या ऐवजी बसता..."

"माझंच आहे आता."

ते बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं. जणू ते तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. मग तिनं आपले कागद गोळा केले, पिशवीत भरले आणि मला म्हणाली, "तू कर तुझं. मला बर्फ घ्यायचाय." आणि गेली.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही करत."

ते अगदी खरं होतं. मी खरंच काही करत नव्हते. पण ते खरं बोलताना मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. मी बेकार असल्याची खात्री पटवून द्यायला तिथे बसले होते, आणि जिनं आम्हा दोघींचं कारण बदलून आणलं होतं, ती जिना उतरून बर्फ घ्यायला गेली होती.

भत्ता मंजूर झाला, पण यायला बराच काळ गेला. एकदा बँकेच्या खात्यातलं नाव आणि विम्यातलं नाव जुळेना, माहेरचं आणि सासरचं. एकदा नुसतंच 'तपासणी चालू' दिसायचं. मधल्या काळात मी कामं शोधत होते, पण सापडलंच तर काय करायचं या भीतीनं शोधत होते. असं शोधलेलं सापडत नाही.

बाबा आता बहुतेक वेळ अंथरुणावरच असायचे. कधी मला सासूबाईंच्या नावानं हाक मारायचे. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका संध्याकाळी मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. मी तो दोनतीनदा वाचला. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी बाबांना सांगितलं.

"बाबा, पैसे आले."

त्यांनी डोळे उघडले. "गिरणीचे?"

ते उठायला धडपडत होते. मी त्यांच्या पाठीला हात दिला. पाठ नुसती हाडांची होती.

"गिरणीचे इले?" त्यांनी परत विचारलं.

"हो बाबा. आले."

ते रडायला लागले. आवाज नव्हता, फक्त तोंड उघडं होतं आणि गालांवरून पाणी. "सांगलय नाय मी," ते म्हणाले, "थांबा म्हणान? तुझ्या सासूक सांग. आता गावाक जावया." माझा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला. नवरा कामावरून आला तेव्हा ते त्यालाही तेच सांगत होते. तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली आणि चहा ठेवायला उठले.

पुढच्या काही दिवसांत ते खूप खूश होते. गावच्या घराची कौलं बदलायची, विहिरीचा काठ बांधायचा, असं बोलायचे. महिना व्हायच्या आत ते गेले. माझ्या भत्त्यातले बरेचसे पैसे त्या कार्यातच खर्च झाले. त्यांना गिरणीचे म्हणून सांगितले होते, तेव्हा ते त्यांच्यावरच गेले असं नवरा म्हणाला. त्याला ते बोलून बरं वाटलं असावं.

बाबांचं सगळं उरकल्यावर मी मैत्रिणीच्या बाजारात गेले. ती कोलंबी सोलत होती. बोटं भराभर चालत होती, पॅकिंगच्या टेबलावर चालायची तशीच. तिला बाबांचं कळलं होतं. "चांगलं माणूस होतं," ती म्हणाली. मग, "तुझे आले?"

"आले."

"बरं झालं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी खूप शोधला, नव्हता. मला वाटत होतं तिनं काहीतरी बोलावं, एखादी शिवी तरी द्यावी. मी म्हणाले, "तू पण तेव्हा नाही म्हटलं असतंस तर..."

"नाय म्हटलं असतं, तर मी इथे कोण होते मग?" ती म्हणाली. गिऱ्हाईक आलं होतं. "जरा बाजूला उभी रहा गं, पाणी उडेल." मी सरकले. ती गिऱ्हाइकाशी दरावरून भांडायला लागली, आणि मला पहिल्यांदाच तिचा पूर्ण चेहरा इतका वेळ बघायला मिळाला. ओठांच्या बाजूला सुरकुत्या होत्या. मला त्या माहीतच नव्हत्या.

आता मी एका उंच इमारतीत एका आजारी बाईंना सांभाळते. पगार बरा आहे, माणसं वाईट नाहीत. विमा नाही, कपात नाही. उद्या त्या गेल्या तर माझं कामही त्याच दिवशी संपेल. मला काढलं की मी सोडलं हे कुणी विचारणार नाही. मैत्रिणीचे आणि माझे फोन आता सणासुदीला होतात. मागच्या वेळी ती म्हणाली की बर्फ फार महाग झालाय. मी म्हटलं, हो ना. मग तिनं ठेवते म्हणून फोन ठेवला.